तरुण पुरुषांमधले जादा मृत्यू मोजायचे कसे? रशियाच्या आकड्यांवरून एक उत्तर

प्रश्न असा आहे: २० ते ३९ वयाच्या पुरुषांमध्ये मृत्यू वाढलेत का, हे बघायचं आहे. मागच्या पाच वर्षांच्या मृत्यूंची सरासरी काढून ती यंदाच्या आकड्यातून वजा केली की झालं का? आणि वीस-तीस वर्षांचा पट घ्यायचा असेल तर काय बदलतं?

पाच वर्षांच्या सरासरीची वजाबाकी सत्तरीपुढच्या लोकांसाठी, तीही मोठ्या साथीच्या वर्षात, अंदाजापुरती चालून जाते. तरुण पुरुषांच्या बाबतीत ती फसवते, आणि दोन्ही बाजूंनी फसवते. म्हाताऱ्या माणसांना नेणारी हृदयविकार, पक्षाघात, न्यूमोनिया ही कारणं एका वर्षात फार उड्या मारत नाहीत. पंचविशीतला पुरुष जातो तो बहुधा अपघातात, आत्महत्येत, मारामारीत, दारूपायी, बुडून, नाहीतर लढाईत. ही कारणं एखाद्या कायद्याने, मंदीने, सरकारी फर्मानाने वर्षभरात खाली-वर होतात. त्यामुळे ‘एरवी किती मेले असते’ हे ठरवण्यातच सगळं काम आहे. वजाबाकी शेवटची आणि सगळ्यात सोपी.

मी रशियाचं उदाहरण घेतो. या मोजणीत जेवढ्या अडचणी येऊ शकतात तेवढ्या तिथे एकाच देशात आल्या आहेत, आणि त्यांवर डोकं लावून केलेलं चांगलं कामही उपलब्ध आहे.

सुरुवात छेदापासून, म्हणजे त्या वयाच्या एकूण लोकसंख्येपासून करू, कारण घाईत लोक फक्त अंशाकडे, म्हणजे मृत्यूंच्या संख्येकडे बघतात. सोव्हिएत काळात, १९८७ साली रशियात सुमारे २५ लाख मुलं जन्मली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर जन्म घटत गेले आणि १९९९ साली सुमारे १२ लाखांवर आले. बारा वर्षांत निम्म्याहून कमी! ही घट मग दरवर्षी एकेक वर्षाने वयाच्या शिडीवरून वर सरकत राहते. २०१२ साली २० ते २४ वयाचे जे होते ते १९८८ ते १९९२ मधले जन्म, म्हणजे मुलगे-मुली मिळून सुमारे ९९ लाख. २०२२ साली त्याच वयात जे होते ते १९९८ ते २००२ मधले जन्म, सुमारे ६५ लाख. स्थलांतर आणि बालमृत्यू बाजूला ठेवले तरी गट एक-तृतीयांशाने आकसला. याचा अर्थ असा की या वयातला मृत्युदर दहा वर्षांत दीडपट झाला असता, तरी मृत्यूंचा आकडा जवळपास जिथल्या तिथे दिसला असता. नुसते आकडे बघणारा म्हणाला असता, सगळं ठीक आहे.

मग दर काढला की सुटलो, असंही नाही. तुम्ही २० ते ३९ असा अखंड गट धरलाय. रशियात २०२२ साली या गटाचा वरचा अर्धा भाग, म्हणजे तिशीतले लोक, ऐंशीच्या दशकातल्या भरघोस जन्मांचा. खालचा अर्धा भाग, विशीतला, नव्वदच्या दशकातल्या दुष्काळाचा. पस्तिशीतल्या पुरुषाचा मृत्युदर बाविशीतल्यापेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे कुणाचाही धोका तसूभर वाढला नसताना गटाचा एकूण दर वर चढतो, निव्वळ गटाचं सरासरी वय वाढल्यामुळे. म्हणून पाच-पाच वर्षांचे गट करा, प्रत्येकाचा दर वेगळा काढा, आणि मगच एका ठरावीक वयरचनेवर बेरीज करा. यालाच वय-प्रमाणित दर म्हणतात. वीस-तीस वर्षांची तुलना याशिवाय करूच नये. केली तर तिच्यावर वेळ घालवू नका.

आता आधाररेषा, म्हणजे ‘एरवीचे’ मृत्यू म्हणून धरायची पातळी. १९८५ च्या मे महिन्यात सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम सुरू केली. दुकानं कमी केली, विक्रीच्या वेळा आवळल्या, कॉकेशस आणि मोल्दोव्हात द्राक्षमळे उपटले. लोक नाराज झाले, घरोघरी हातभट्टी वाढली, पण पुरुष मरायचे कमी झाले. रशियन पुरुषाचं जन्मवेळचं अपेक्षित आयुर्मान १९८४ साली ६२ वर्षांच्या थोडं आत होतं, ते १९८७ साली ६५ च्या जवळ पोचलं. तीन वर्षांत तीन वर्षं, हे एरवी कुठल्याही औषधाने होत नाही. मग मोहीम ढिली पडली, देश फुटला, भाव मोकळे सोडले गेले, बचत मातीमोल झाली, व्होडका मात्र पगाराच्या मानाने स्वस्त झाली. १९९४ साली हेच आयुर्मान साडेसत्तावन्नच्या आसपास आलं. बायकांचं तेव्हा ७१ होतं. दोघांमधली दरी १३ वर्षांहून मोठी. या घसरणीचा मोठा वाटा म्हाताऱ्यांचा नव्हे, कमावत्या वयाच्या पुरुषांचा होता.

१९९४ साली किती ‘जादा’ पुरुष मेले? पाच वर्षांच्या सरासरीचा आग्रह धरणाऱ्याला विचारा, कुठली पाच वर्षं. १९८६ ते १९९० धरलीत तर तुम्ही मोहिमेने खाली दाबलेली वर्षं ‘नेहमीची’ मानताय आणि जादा मृत्यूंचा डोंगर उभा राहील. १९८० ते १९८४ धरलीत तर डोंगर बराच ठेंगणा होईल. शिवाय असाही एक मुद्दा मांडला गेला आहे की, मोहिमेने वाचलेले काही जण पक्के पिणारेच होते; त्यांचं मरण टळलं नाही, काही वर्षं पुढे गेलं, आणि नव्वदीच्या सुरुवातीला ते एकगठ्ठा दिसलं. किती प्रमाणात, यावर मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर अशा दीर्घ पटावर ‘जादा मृत्यू’ असा एकच आकडा सांगणं अप्रामाणिक आहे. ‘१९८०-८४ च्या दरांनी लोक मेले असते तर’ किंवा ‘शेजारच्या पोलंडसारखे दर उतरत गेले असते तर’ असं स्पष्ट म्हणून दोन-तीन आकडे द्यावेत. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की तुलना कशाशी चालली आहे.

कमी काळासाठी मात्र एक चांगली युक्ती आहे: त्याच वयाच्या बायकांना आरसा करा. साथ आली, कडाक्याची थंडी पडली, उष्णतेची लाट आली, नोंदणी कार्यालय महिनाभर बंद राहिलं, तर त्याचा परिणाम दोघांवर होतो. आघाडीवर मरतात ते जवळपास सगळे पुरुष. म्हणजे नेहमीचं पुरुष-स्त्री गुणोत्तर माहीत असेल तर बायकांच्या मृत्यूंवरून पुरुषांचे अपेक्षित मृत्यू काढता येतात.

हातावर करून बघू. आकडे कल्पित आहेत. एका प्रांतात एका वयोगटात दरवर्षी ४०० बायका आणि १,२०० पुरुष मरतात. गुणोत्तर ३. पाच वर्षं हेच चाललंय. सहाव्या वर्षी बायकांचे मृत्यू ५०० आणि पुरुषांचे १,७००. नुसत्या सरासरीने म्हणाल, ५०० पुरुष जादा. पण बायकांमध्येही शंभर वाढलेत, म्हणजे दोघांना लागू होणारं काहीतरी घडलंय. ५०० ला ३ ने गुणलं की पुरुषांचे अपेक्षित मृत्यू १,५००. त्यामुळे निव्वळ पुरुषांवर आलेलं संकट २०० चं. पाचशे आणि दोनशे यांत बराच फरक आहे, आणि दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यात ‘एकूण किती वाढले’ हे येतं, दुसऱ्यात ‘पुरुषांपुरतं असं काय झालं’ हे.

आता या २०० च्या आजूबाजूला चुकीची किती जागा सोडायची तेही काढा. मृत्यूंच्या संख्येत निव्वळ योगायोगाने होणारी हालचाल साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. बायकांचे ५००, त्याचं वर्गमूळ सुमारे २२, आणि ते ३ ने गुणल्यावर ६७. पुरुषांच्या अपेक्षित १,५०० चं वर्गमूळ ३९. गुणोत्तर पाच वर्षांच्या आकड्यांतून काढलंय, त्यातली अनिश्चितता आणखी सुमारे ३९. तिन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतलं की ८७, त्याची दुप्पट सुमारे १७५. म्हणजे उत्तर ‘२००’ असं नाही. ‘२५ ते ३७५ च्या दरम्यान कुठेतरी’ असं आहे. तरुण बायका कमी मरतात, त्यामुळे आरसा लहान आहे आणि त्यात प्रतिमा थरथरते. प्रांताऐवजी अख्खा देश घेतला की ही थरथर पुष्कळ कमी होते.

नेमकं हेच काम रशियातल्या युद्धमृत्यूंबाबत झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये संरक्षणमंत्री शोइगू यांनी ५,९३७ सैनिक मेल्याचं सांगितलं आणि त्यानंतर अधिकृत आकडे बंदच झाले. मीडियाझोना आणि मेडूझा या स्वतंत्र रशियन वृत्तसंस्थांनी जर्मनीतल्या ट्युबिंगेनचे संख्याशास्त्रज्ञ दिमित्री कोबाक यांच्याबरोबर जुलै २०२३ मध्ये आपली मोजणी जाहीर केली. त्यांच्याकडे दोन वाटा होत्या. एक म्हणजे रशियाच्या सांख्यिकी खात्याचे, रोस्स्टाटचे, वय आणि लिंगानुसार २०२२ चे मृत्यू. त्यातून पन्नाशीच्या आतले सुमारे २४ हजार पुरुष जादा निघाले.

दुसरी वाट जास्त हुशारीची. रशियात माणूस गेला आणि मागे फ्लॅट, गाडी, बँकेत पैसे असले तर वारस नोटरीकडे प्रकरण उघडतात, आणि ही प्रकरणं एका राष्ट्रीय नोंदवहीत जातात. त्यात मृताचं नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख असते. सरकारने मृत्यूंचे आकडे दाबले तरी ही वही चालूच असते, कारण ती नसेल तर मालमत्ता कुणाच्या नावावर होणार? २०२२ सालच्या अशा प्रकरणांवरून १५ ते ४९ वयाच्या पुरुषांचे सुमारे २५ हजार जादा मृत्यू निघाले. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास तोच आकडा आला, म्हणून त्यावर विश्वास बसतो. २०२३ च्या मे अखेरपर्यंतचा अंदाज ४७ हजार होता, मर्यादा ४० ते ५५ हजार. हीच पद्धत पुढे चालवून डिसेंबर २०२३ पर्यंत ७५ हजार आणि २०२४ च्या मध्यापर्यंत सुमारे १ लाख २० हजार असे अंदाज आले.

वारसा-नोंदवही सगळ्यांची नसते, हा तिचा मोठा दोष. बाविशीतल्या पोराच्या नावावर काय असतं? म्हणून मीडियाझोना आणि बीबीसीच्या रशियन सेवेने नावानिशी गोळा केलेली मृत सैनिकांची यादी घेऊन, त्यातली किती नावं नोंदवहीत सापडतात ते बघितलं गेलं. शंभरातली चाळीस सापडली असं समजा, तर वहीतल्या जादा प्रकरणांना अडीचने गुणायचं. हा गुणक सगळ्या उत्तराचा मणका आहे, त्यामुळे मी तो नेहमी वयोगटानुसार आणि कालखंडानुसार तपासतो: सुरुवातीला नियमित फौज मेली, नंतर तुरुंगातून भरती केलेले, मग मोठ्या पगाराच्या करारावर आलेले चाळिशीतले. प्रत्येकाच्या मागे राहिलेली मालमत्ता वेगळी. एक गुणक सगळ्यांना लावला तर चूक वाढत जाते. शिवाय वारसांना अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून शेवटच्या सहा महिन्यांतला आकडा नेहमी अपुरा. आलेखाची शेपटी खाली झुकलेली दिसली की लगेच ‘मृत्यू घटले’ असं लिहू नये.

आता आरसा कुठे तडकतो ते. कोविडने २०२० आणि २०२१ मध्ये रशियात दहा लाखांच्या आसपास जादा मृत्यू झाले, आणि आपल्याकडच्यासारखं तिथेही साथीचा परिणाम दोघांवर अगदी सारख्या प्रमाणात झाला असं नाही. म्हणून ही दोन वर्षं आधाररेषेत घ्यायची नाहीत. गुणोत्तर त्याआधीच्या वर्षांवरून काढायचं. तेही स्थिर नसतं. २००५ नंतर रशियन पुरुष कमी प्यायला लागले, रस्ते आणि खून यांतले बळी घटले, त्यामुळे तरुण वयातलं पुरुष-स्त्री गुणोत्तर हळूहळू उतरत होतं. तेव्हा सरासरी गुणोत्तर न घेता त्याच्या लॉगला (लॉगॅरिदमला) सरळ रेषा बसवून ती पुढे न्यावी. सगळ्यात ओंगळ अडचण २१ सप्टेंबर २०२२ नंतरची: आंशिक सैन्यभरती जाहीर झाली आणि लाखो तरुण पुरुष कझाकस्तान, जॉर्जिया, आर्मेनिया असे जिकडे जमेल तिकडे निघून गेले. कागदावर ते देशातच, प्रत्यक्षात नाहीत. तिकडे मेले तर इकडच्या वहीत यायला वेळ. बायका तेवढ्या गेल्या नाहीत. म्हणजे छेद फुगलेला राहतो, आरशातली प्रतिमा सरकते, आणि खरे जादा मृत्यू किंचित कमी दिसतात. याला छान उपाय नाही. ‘समजा २५ ते ३४ मधले पाच टक्के गेले’ असं धरून पुन्हा गणित करायचं आणि उत्तर कितीने हललं ते सांगायचं.

नोंदणीच्या उशिराची गोष्ट तरुण पुरुषांना खास लागू पडते. अपघाती, संशयास्पद, आत्महत्येचे मृत्यू चौकशीशिवाय निकाली निघत नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी प्रकरणं कोरोनरकडे, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातात, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत मृत्यूची नोंदच होत नाही. त्याला कित्येक महिने लागतात. साहजिकच ज्या वयात असे मृत्यू सर्वाधिक, त्याच वयाचे ताजे आकडे सर्वाधिक तुटपुंजे. नोंदणीच्या तारखेने मोजता की मृत्यूच्या तारखेने, हे प्रत्येक तक्त्याखाली लिहा. दोन वर्षं वेगवेगळ्या पद्धतीने मोजली तर कोर्टाची सुट्टीसुद्धा साथीसारखी दिसते. रशियात बेपत्ता सैनिकांचं असंच होतं: मृतदेह मिळत नाही, कोर्टाकडून मृत घोषित व्हायला वेळ जातो, आणि मग एकदम ढीग येतो.

हीच पद्धत महाराष्ट्रात वापरता येईल का, हा प्रश्न लगेच येणार. जशीच्या तशी नाही. आपल्या नागरी नोंदणीत देशभरात २०१९ साली सुमारे ७६ लाख मृत्यू होते, २०२० साली ८१ लाख आणि २०२१ साली १ कोटी २ लाख. पण दशकभरात नोंदणीच सुधारली: साधारण दोन-तृतीयांश मृत्यू नोंदले जायचे ते नव्वद टक्क्यांच्या वर गेले. त्यामुळे आकडा वाढला म्हणजे मरण वाढलं असं होत नाही. आणि बायकांचा आरसा इथे आधीच वाकडा आहे. नोंदलेल्या मृत्यूंत पुरुष साधारण ६० टक्के असतात, ते सगळं काही जास्त मरण्यामुळे नव्हे. बाईच्या नावावर जमीन नसते, विमा नसतो, पेन्शन नसते, म्हणून दाखला काढायला कुणी जात नाही. आता बायकांची नोंद सुधारत चालली की गुणोत्तर आपोआप उतरतं, आणि पुरुषांवर आलेलं खरं संकट त्यात झाकलं जातं.

शिवाय आपल्याकडे मृत्यू घडला तिथे नोंदवला जातो, राहत्या गावी नाही. रत्नागिरीचा मुलगा मुंबईत केईएममध्ये गेला तर तो मुंबईचा आकडा. छेदात मात्र तो कधी रत्नागिरीचा, कधी मुंबईचा. ठाणे, पुणे, रायगडसारख्या जिल्ह्यांत बाहेरून कामाला आलेल्या तरुण पुरुषांची खरी संख्या कोणाकडेच नीट नाही. २०११ नंतरची जनगणना लांबली, तेव्हापासून आपण प्रक्षेपित लोकसंख्येवर चाललो आहोत, आणि त्या प्रक्षेपणात स्थलांतराचा भाग सगळ्यात कच्चा. लॉकडाउनच्या महिन्यांत तर रस्तेच ओस होते. अपघातात जाणारे तरुण वाचले, कोविडमध्ये काही गेले. बेरजेत दोन्ही एकमेकांना खातात आणि ‘काही फरक नाही’ असं उत्तर येतं. कारणं वेगळी काढल्याशिवाय हे कळत नाही, आणि डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण आपल्याकडे नोंदलेल्या मृत्यूंपैकी लहानशा हिश्श्यालाच मिळतं.

एवढं असूनही जिल्ह्याचं काम करायचं असेल तर महिन्यांऐवजी तिमाही घ्या. महिन्याला एका वयोगटात चाळीस मृत्यू असतील तर २८ ते ५२ पर्यंतची हालचाल नुसता योगायोग असू शकते, आणि कुणीतरी त्यावर बातमी करतोच. आर किंवा पायथॉन या संगणकभाषा येत असतील तर पॉयसाँ रिग्रेशन (घटनांच्या संख्येसाठीचं सांख्यिकी प्रारूप) बसवा: वर्षाचा कल, तिमाहीचा परिणाम, आणि लोकसंख्येचा लॉग ऑफसेट म्हणून, म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात मृत्यू धरले जातील. अवशेषांचा, म्हणजे खऱ्या आकड्यांतल्या आणि अंदाजांतल्या फरकांचा, विखुरलेपणा पॉयसाँपेक्षा जास्त निघाला, आणि बहुतेक वेळा निघतो, तर जास्त विखुरलेपणा सामावून घेणाऱ्या नेगेटिव्ह बायनॉमियल प्रारूपाकडे जा. बसवलेलं प्रारूप आधी एखाद्या शांत वर्षावर चालवून बघा: २०१८ पर्यंतचे आकडे देऊन २०१९ चा अंदाज घ्या. तिथेच जर ते पाच-सहा टक्के ‘जादा’ दाखवत असेल, तर तुमचं प्रारूप युद्ध किंवा साथ मोजत नसून नोंदणीची सुधारणा मोजतंय.

निकाल लिहिताना टक्केवारी एकटी देऊ नका. तरुणांचा मूळ दर इतका लहान असतो की ४० टक्के वाढ म्हणजे लाखामागे पन्नास-साठ मृत्यूही असू शकतात, तर ऐंशीच्या पुढच्यांत ५ टक्के वाढ त्याहून कितीतरी जास्त माणसं नेते. संख्या, लाखामागे दर, टक्के, अशी तिन्ही एका ओळीत द्या, आणि बाजूला वरची-खालची मर्यादा. आधाररेषेला कुठली वर्षं घेतली, कुठली वगळली आणि का, हे तक्त्याच्या तळटिपेत न लपवता पहिल्याच परिच्छेदात लिहा. वाद घालणारा आधी तेच विचारणार आहे.